पिकअपला फिफ्थ व्हील जोडण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडातल्या आपल्या मंडळींचा कॅम्पिंगचा प्रवास साधारण ठरलेला असतो. आधी तंबू, मग भाड्याची आरव्ही (चाकांवरचं घर), मग मागे ओढायचा छोटा ट्रेलर. आणि एक दिवस आरव्ही शोमध्ये कुणीतरी फिफ्थ व्हीलच्या आत पाय टाकतं. बाजूला सरकणाऱ्या भिंती, दोघांना उभं राहून पोळ्या करता येतील एवढा ओटा, वरच्या पायरीवर खरीखुरी बेडरूम. घरच्यांचा निर्णय तिथेच होऊन जातो आणि ट्रकचा विचार घरी परतताना सुरू होतो. खरं तर तो आधी व्हायला हवा. खाली दिलेले प्रश्न अशाच घाईत विचारले गेलेले आहेत. वजनं पौंडांतच ठेवली आहेत, कारण दारावरच्या स्टिकरपासून वजनकाट्याच्या पावतीपर्यंत सगळं पौंडांतच येतं.

फिफ्थ व्हील साध्या ट्रेलरपेक्षा वेगळा कसा?

साधा ट्रॅव्हल ट्रेलर बम्परखालच्या बॉलवर अडकतो. फिफ्थ व्हीलचं नाक ट्रकच्या बेडवर (मागच्या उघड्या हौद्यावर) येतं आणि त्याखालची जाड पोलादी किंगपिन बेडमधल्या हिचच्या (जोडणीच्या यंत्रणेच्या) जबड्यात बसते. न्हावा शेवाकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर आठवा, जोडणी त्याच जातीची. आरव्हीची पिन साधारण २ इंच व्यासाची असते.

फायदा असा की ट्रेलरचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लोंबकळत नाही, तो अ‍ॅक्सलवर किंवा त्याच्या किंचित पुढे पडतो. त्यामुळे बाजूने मोठा ट्रक गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलणं खूपच कमी. तोटाही त्यातच आहे. साध्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो, फिफ्थ व्हीलचा साधारण २० ते २५ टक्के.

डीलर म्हणतो, "तुमचा ट्रक १५,००० पौंड ओढतो, हा ट्रेलर १२,५००चा आहे, बिनधास्त घ्या." मग अडचण कुठे आहे?

ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. डीलर ओढण्याचा आकडा सांगतो, ट्रक थकतो तो पाठीवरच्या आकड्याने.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पांढरा-पिवळा स्टिकर दिसेल. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये ते छापलेलं असतं. हाच तुमचा पेलोड. हा आकडा तुमच्याच गाडीचा असतो, कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तशी. ब्रोशरमधला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या, बिनसजावटीच्या गाडीचा असू शकतो. सनरूफ, लेदर, फोर-बाय-फोर असं सगळं घेतलं असेल तर ते पेलोडमधून आधीच वजा झालेलं आहे. नंतर बसवलेल्या पायऱ्या आणि बेडवरचं झाकण तुम्ही स्वतः वजा करायचं.

समजा २५०० वर्गातला डिझेल क्रू कॅब ट्रक आहे आणि स्टिकरवर २,३५० पौंड लिहिलंय. घरातली चार माणसं मिळून ५०० पौंड (इथे ड्रायव्हरही धरायचा). हिच १५० पौंड. मागच्या सीटखालची हत्यारं, कूलर, फोल्डिंग खुर्च्या मिळून १००. राहिले १,६००. आता १२,५०० पौंडांच्या ट्रेलरचे २० टक्के काढा: २,५००. म्हणजे ९०० पौंड जास्त. ओढण्याच्या बाबतीत हाच ट्रक अडीच हजार पौंड राखून होता.

असं होतं कारण या वर्गातल्या बऱ्याच ट्रकचं भरलेलं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, कागदोपत्री १०,००० पौंडांच्या आसपास ठरवलेलं असतं. डिझेल इंजिन गॅसच्या, म्हणजे पेट्रोलच्या, इंजिनपेक्षा शेकडो पौंडांनी जड, आणि ते जास्तीचं वजनही त्याच १०,०००मधून जातं. म्हणून डिझेल घेतलं की ओढण्याचा आकडा वर जातो आणि पेलोड खाली येतो. शोरूममध्ये पहिली गोष्ट सांगतात, दुसरी आपण विचारायची.

आणखी एक. ट्रेलरच्या पत्रकावरचं 'ड्राय वेट' विसरून जा. त्यात पाणी नाही, तांदळाची पिशवी नाही, प्रेशर कुकर नाही, मुलांच्या सायकली नाहीत. कधी कधी बॅटरीसुद्धा धरलेली नसते. हिशोब नेहमी ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर करायचा. आपण काही रिकामा ट्रेलर घेऊन फिरत नाही.

माझ्याकडे एफ-१५० आहे. 'हाफ-टन टोएबल' असं लिहिलेले फिफ्थ व्हील मिळतात. ते चालतील ना?

तो शब्द ट्रेलर विकणाऱ्याचा आहे. त्याला कुठल्याही मानकाचा आधार नाही. हाफ-टन, म्हणजे २५००च्या खालच्या हलक्या वर्गातल्या कुटुंबाच्या ट्रकवर १,५०० ते १,९०० पौंडांचा स्टिकर नेहमी दिसतो. असा 'हलका' ट्रेलर भरल्यावर ९,५००च्या घरात गेला तर पिनचा भारच १,९०० होतो. ड्रायव्हर अजून बसायचाय.

जास्त पेलोडचं पॅकेज घेतलेले एफ-१५० असतात, त्यांचा हिशोब वेगळा लागू शकतो. पण डीलरच्या आवारात रांगेने उभे असलेले, मोठ्या स्क्रीनचे ट्रक बहुधा तसे नसतात. हाफ-टन ठेवायचाच असेल तर साधा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या आणि वजन वाटून देणारी चांगली हिच लावा. माझं मत स्पष्ट आहे: हाफ-टनवर फिफ्थ व्हील ही ओढाताण आहे.

मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या एअरबॅग (हवेचे फुगे) बसवल्या तर पेलोड वाढेल?

नाही. मागची बाजू दबलेली दिसणार नाही, गाडी समपातळीत राहील, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत. हे सगळं चांगलंच आहे. पण अ‍ॅक्सल, ब्रेक, चाकं, टायर आणि चौकट पूर्वीचीच आहेत. दारावरचा स्टिकर बदलत नाही. जादा स्प्रिंगच्या पानांचंही तेच.

मग ड्युअली (मागे चार चाकांचा ट्रक) घ्यायचा का?

प्रत्येकाला गरज नाही. एकेरी चाकांच्या ३५०० वर्गातल्या ट्रकला (एफ-३५०, रॅम ३५००, सिल्व्हराडो ३५००एचडी) ४,००० पौंडांच्या आसपास पेलोड मिळू शकतो. वरच्याच कुटुंबाचे ७५० वजा केले तरी ३,२५० उरतात आणि २,५००ची पिन आरामात बसते. २५०० आणि ३५०० यांच्या किमतीत फार फरक नसतो. त्यामुळे नवा ट्रक घेताना २५००वर अडून राहण्यात शहाणपण दिसत नाही.

ट्रेलर १५-१६ हजारांच्या पुढे गेला, नाकाकडे वॉशिंग मशीन नि मोठं सामानघर असलं, की पिनचा भार साडेतीन हजारांच्या दिशेने जातो. तिथे मागे चार चाकं हवीत. इथे टायरचाही हिशोब करा. एलटी २७५/७०आर१८ मापाचा लोड रेंज ईचा टायर ८० पीएसआयला ३,६४० पौंड पेलतो, म्हणजे दोन टायर मिळून ७,२८०. त्याच्या वर अ‍ॅक्सल काहीही म्हणो, टायर ऐकणार नाही. ड्युअली मॉलच्या पार्किंगमध्ये नकोसा होतो आणि ड्राइव्ह-थ्रूत शिरताना बायको-मुलं श्वास रोखून बसतात, हे मान्य.

माझ्या ट्रकचा बेड साडेसहा फुटांचा आहे. वळताना ट्रेलर केबिनच्या काचेवर आदळेल का?

आदळू शकतो, आणि आदळलाच तर मागची काच आणि ट्रेलरचं फायबर दोन्ही जातात. मोजायचं कसं ते समजून घ्या. ट्रेलर ९६ किंवा १०२ इंच रुंद असतो. ट्रक काटकोनात वळला की ट्रेलरची बाजूची भिंत किंगपिनपासून अर्ध्या रुंदीवर, म्हणजे ४८ किंवा ५१ इंचांवर येते. हिचच्या मध्यापासून केबिनच्या पाठीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. आठ फुटी बेडमध्ये ते सहसा पुरतं. छोट्या बेडमध्ये बहुधा कमी पडतं. काटकोनाच्या थोडं आधी तर ट्रेलरचा कोपरा आणखी पुढे येतो. म्हणूनच हल्लीच्या ट्रेलरच्या नाकाचे कोपरे कापलेले किंवा गोलसर असतात.

उपाय तीन. पहिला म्हणजे हाताने सरकणारी स्लायडर हिच. अरुंद जागी शिरण्याआधी उतरून खटका ओढायचा, हिच मागे सरकवायची, नंतर पुन्हा पुढे आणायची. स्वस्त आहे, पण पावसात, अंधारात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना ते उतरायचं लक्षात राहिलं पाहिजे. दुसरा, वळणाबरोबर आपोआप सरकणारी हिच. महाग, जड (हे वजनही पेलोडमधून जाणार), पण डोक्याला ताप नाही. तिसरा म्हणजे ट्रेलरचा पिन बॉक्सच (किंगपिन धरणारा भाग) बदलणं, ज्यात वळण्याचा बिंदू मागे जातो. साडेसहा फुटी बेड आणि कापलेल्या कोपऱ्यांचा ट्रेलर असेल तर साध्या हिचवरही अनेकांचं भागतं. रिकाम्या मैदानात, खाली एका माणसाला उभं करून, मुंगीच्या चालीने वळवून बघा. साडेपाच फुटी बेड असेल तर पर्याय फारच थोडे.

हिच कुठली घ्यावी?

आधी बेडमध्ये डोकावून बघा. फोर्ड, जीएम, रॅमच्या हेवी-ड्युटी ट्रकला कारखान्यातूनच फिफ्थ व्हील प्रेप पॅकेज मिळतं. बेडच्या तळात चार कोपऱ्यांवर गोल टोपणं आणि मध्ये गूजनेक बॉलची (बेडमध्ये बसणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या गोळ्याची) जागा. हे असेल तर निम्मं काम झालेलं आहे. त्या मापाची हिच आणायची, चार पाय खोबणीत बसवायचे, हँडल फिरवून घट्ट करायची. हंगाम संपला की काढून गॅरेजमध्ये, आणि बेड पुन्हा सपाट. नवा ट्रक ऑर्डर करत असाल तर हे पॅकेज विसरू नका. नंतर हेच काम बाहेरून करणं महाग पडतं.

प्रेप नसेल तर बेडला भोकं पाडून चौकटीला बोल्ट केलेले रूळ, किंवा बेडखाली गूजनेक हिच बसवून तिच्या मधल्या छिद्रात उभी राहणारी फिफ्थ व्हील हिच. दुसऱ्या प्रकारात बी अँड डब्ल्यूची कम्पॅनियन लोकप्रिय आहे. बेड सपाट राहतो म्हणून मला हाच प्रकार बरा वाटतो. वजनाने हलकी हवी असेल तर अँडरसनची अ‍ॅल्युमिनियमची हिच बघा. वयस्कर मंडळींना उचलायला सोपी आणि पेलोडलाही हलकी.

हिचची क्षमता ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरपेक्षा जास्त असावी. जबडे पिनला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे असतील तर धक्के कमी जाणवतात. हिचचं डोकं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडेही झुकणारं घ्या. कॅम्पग्राउंडची जमीन कधी सपाट नसते.

किंगपिनला अडॅप्टर लावून थेट गूजनेक बॉलवर चढवण्याचा स्वस्त मार्गही विकला जातो. त्याची लांब दांडी ट्रेलरच्या चौकटीवर तरफेसारखा जोर टाकते. ट्रेलरच्या वॉरंटीत त्याला परवानगी आहे का, हे लेखी बघितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

बेडमध्ये प्लॅस्टिकचं लायनर आहे. त्याच्यावरच हिच बसवली तर?

बसवू नका. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू चेपतं, बोल्ट सैल होतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हिचच्या पायाखालचं लायनर कापून काढा. रबरी मॅटचंही तसंच. फवारलेलं लायनर चालतं.

ट्रेलरचं नाक वर राहतंय. काही बिघडतं का?

बिघडतं. नाक वर असलं की ट्रेलरच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा भार मागच्या अ‍ॅक्सलवर जातो, त्याचे टायर आधी तापतात आणि ब्रेकही सारखे लागत नाहीत. आजकालचे फोर-बाय-फोर ट्रक उंच असल्यामुळे ही तक्रार नेहमीचीच. हिचचं डोकं खाली घ्या, किंवा ट्रेलरचा पिन बॉक्स बोल्ट काढून एक-दोन भोकं वर सरकवा.

मात्र खाली घेताना दुसरं टोक सांभाळा. बेडच्या बाजूच्या भिंती आणि ट्रेलरचा खालचा भाग यांच्यात साडेपाच-सहा इंच जागा राहिलीच पाहिजे. पेट्रोल पंपाच्या चढावर ट्रक एका कोनात आणि ट्रेलर दुसऱ्या कोनात आला की ती जागा भराभर संपते. दोन्ही साधत नसेल तर जागा ठेवा आणि नाक इंचभर वर राहू द्या.

वायरिंग आणि ब्रेकचं काय करावं लागतं?

सात पिनांचा प्लग लागतो: दिवे, इंडिकेटर, ट्रेलरचे ब्रेक, १२ व्होल्ट चार्जिंग, रिव्हर्स, अर्थिंग. बम्परवरचा प्लग असतोच, पण फिफ्थ व्हीलची केबल तिथपर्यंत नेताना टेलगेटमध्ये (बेडच्या मागच्या झडपेत) चेंगरते. बेडच्या आतल्या भिंतीवर दुसरा प्लग बसवून घ्या. प्रेप पॅकेजमध्ये तो बहुधा येतोच.

ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारा ब्रेक कंट्रोलर कारखान्याचा असेल तर उत्तम. बाहेरून बसवायचा असेल तर ट्रकचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारा घ्या. नुसता वेळेवर चालणारा स्वस्त कंट्रोलर एवढ्या वजनाला नको. जोडल्यावर रिकाम्या रस्त्यावर ताशी २०-२५ मैलांनी जाऊन फक्त कंट्रोलरची कळ दाबा. चाकं जॅम होण्याच्या जरा अलीकडे गेन (ब्रेकचा जोर) ठेवा.

ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या स्विचची) बारीक तार ट्रकला अडकवा, हिचला नाही. हिचच उखडली तर तार तिच्याबरोबर जाईल आणि ट्रेलर ब्रेकविना सुटेल. ती तार ओढली गेली की ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावतो, म्हणून ती बॅटरी चार्ज असावी.

जोडायचा क्रम सांगाल?

ट्रेलरच्या चाकांना आधी ओट (घरंगळू नये म्हणून पाचर) लावा. टेलगेट खाली. ट्रेलरचं नाक एवढ्या उंचीवर आणा की पिनभोवतीची सपाट प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा जराशी, अर्धा इंचभर, खाली असेल. ट्रक मागे घेताना हिच ट्रेलरला किंचित उचलते आणि पिन पूर्ण आत जाते. खटका ऐकू येतो.

खटक्यावर विश्वास ठेवू नका. टॉर्च घेऊन वाका आणि जबडा पिनच्या बारीक भागाभोवती मिटलाय का ते डोळ्यांनी बघा. दोन प्लेट एकमेकींना टेकलेल्या दिसल्या पाहिजेत, मधून उजेड येता कामा नये. नाक जास्त उंच ठेवलं तर जबडा पिनच्या टोकालाच धरतो. दिसायला सगळं जोडलेलं, आणि पहिल्याच सिग्नलवर ट्रेलर बेडच्या भिंतींवर बसतो. कॅम्पग्राउंडवर दोन्ही भिंती एकाच जागी, सारख्याच खोल दबलेला पिकअप दिसला तर कारण बहुतेक वेळा हेच.

मग हँडलची कडी लावा, केबल, ब्रेकअवेची तार, आणि ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून इंचभरच उचला. ओट तसेच ठेवून ट्रेलरचे ब्रेक कळीने लावा आणि ट्रक हळूच पुढे ओढा. पिन सुटलीच तर ट्रेलर इंचभरच खाली येईल, बेडवर नाही. ही परीक्षा झाली की पाय पूर्ण वर, टेलगेट बंद, ओट काढा, दिवे तपासा. या वेळात शेजारचा कॅम्पर गप्पा मारायला हमखास येतो. त्याला हसून थांबायला सांगा. मधेच तुटलेला क्रम पहिल्यापासून सुरू करायचा.

वजन करायचं कुठे आणि कसं?

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा, असतो. स्टिअरिंगचा अ‍ॅक्सल एका पाटावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. घरचे सगळे गाडीत, टाकी भरलेली, ट्रेलर सहलीला निघाल्यासारखा. एकदा जोडून वजन करा, मग ट्रेलर बाजूला उभा करून ट्रकचं एकट्याचं, त्याच माणसांसह.

समजा जोडलेलं असताना ४,७००, ५,९०० आणि ९,७०० आलं. एकट्या ट्रकचं ८,२००. ट्रकचे दोन अ‍ॅक्सल मिळून १०,६००, त्यातून ८,२०० गेले, म्हणजे पिन २,४००. ट्रेलर एकूण ९,७०० अधिक २,४००, म्हणजे १२,१००. पिनचं प्रमाण जवळजवळ २० टक्के, ठीक. पण ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० असेल तर तो ६०० पौंडांनी ओलांडलाय. मागचा अ‍ॅक्सल कदाचित त्याच्या मर्यादेत असेल, आणि फोरमवर लोक तेवढ्यावर समाधान मानतात. मी मानणार नाही. कॉफी-बर्गरच्या खर्चात मिळणारी ही पावती सगळ्या वादांपेक्षा मोलाची आहे.

वेगळं लायसन्स लागतं का?

राज्यावर अवलंबून. कॅलिफोर्नियात १०,००० ते १५,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलसाठी क्लास सी लायसन्सवर जादा परवानगी घ्यावी लागते, १५,०००च्या वर बिगरव्यावसायिक क्लास ए. टेक्सासमध्ये ट्रक-ट्रेलर मिळून २६,००१ पौंड किंवा जास्त आणि ट्रेलर १०,०००च्या वर असेल तर बिगरव्यावसायिक क्लास ए. ब्रिटिश कोलंबियात ४,६०० किलोच्या वरच्या राहत्या ट्रेलरसाठी वेगळी नोंद लागते. हे नियम बदलतात, आपल्या राज्याच्या साइटवर बघूनच ट्रेलर घ्या. कॅलिफोर्नियात ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, तेही लक्षात असू द्या.

उंचीचा त्रास होतो का?

हो, आणि नेहमीच्या फोन-नकाशांना तुमची उंची माहीत नसते. फिफ्थ व्हील साडेबारा ते साडेतेरा फूट उंच असतात. वरच्या एसीपर्यंत स्वतः मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. नॉर्थ कॅरोलायनात डरॅमचा रेल्वे पूल ११ फूट ८ इंचांसाठी जगप्रसिद्ध होता, २०१९मध्ये तो १२ फूट ४ इंचांपर्यंत उचलला. तरी तुमचा ट्रेलर त्याखालून जाणार नाही. राली-डरॅममध्ये आपली बरीच मंडळी आहेत, त्यांना हे सांगायला नको. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदीच आहे.

डिझेलच हवं का?

मैदानी प्रदेशात आणि दहा-अकरा हजारांपर्यंतच्या ट्रेलरला मोठं गॅस इंजिन पुरतं, आणि पेलोडही जास्त मिळतो. डोंगर आले की चित्र बदलतं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे जाताना रस्ता ११,००० फुटांच्या वर चढतो. मग किती उरली, हिशोब करा. डिझेलची खरी कमाई मात्र उतारावर. एक्झॉस्ट ब्रेक लावला की पाय ब्रेकवर न ठेवता ट्रक वेग धरून राहतो.

भारतात टोयोटाच्या हायलक्स पिकअपला असा ट्रेलर लावता येईल?

नाही. हायलक्स जिथे जास्तीत जास्त ओढते तिथेही मर्यादा ३,५०० किलोची आहे, आणि आपण इथे साडेपाच टनांबद्दल बोलतोय.

भाड्याच्या पिकअपवर आधी करून बघू का?

बहुतेक भाडेकरारांत ते बसत नाही, आणि बेडमध्ये हिचही नसते. ट्रेलर ओढताना दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा बहुधा ट्रकच्या पॉलिसीतून येतो, खुद्द ट्रेलरसाठी मात्र वेगळी पॉलिसी लागते. एजंटकडून ते लेखी घ्या.

टेलगेट काढून टाकलं तर बरं का?

सारखं सोडणं-जोडणं असेल तर ट्रेलरच्या नाकाला जागा देणारं, मध्ये खोलगट टेलगेट मिळतं, ते लावा. नाहीतर मूळचंच ठेवा आणि सोडताना हा क्रम पाळा: ओट, पाय खाली, टेलगेट खाली, केबल नि तार काढा, मगच हँडल ओढून ट्रक पुढे. टेलगेट वर असताना ट्रक पुढे घेतला तर ते पिन बॉक्सवर आदळून वाकतं, आणि कॅमेरावालं नवं टेलगेट बरंच महाग पडतं.